बागेचे वर्ष मे महिन्यात सुरू होते

पहिला पाऊस पडला की लातूरच्या रस्त्यांवर रोपे विकणाऱ्यांचे हातगाडे दिसू लागतात. गुलाब, मोगरा, जास्वंद, शोभेची झाडे. सगळी हिरवीगार, सगळी टवटवीत. त्या हवेत प्रत्येक रोप जगेल असेच वाटते, आणि चार महिने ते जगतेही. पुढच्या मे महिन्यात त्यांतली किती उरतात, हा खरा प्रश्न असतो. म्हणून गेली काही वर्षे आम्ही रोप घेण्याआधी एवढेच पाहतो की, भर उन्हाळ्यात आमच्या घरात जेवढे पाणी उरते तेवढ्यावर हे तग धरेल का? धरणार असेल तर अंगणात त्याला जागा आहे. नसेल तर ते रोप कितीही सुंदर असो, ज्याच्या दारात पाणी आहे त्याने ते न्यावे.

या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अंगण नसेल, पण गॅलरीत चार कुंड्या किंवा गच्चीवर दोन जुने डबे नक्की असतील. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बहिणींना आमचे वेळापत्रक थोडे पुढेमागे करावे लागेल. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ आणि नगरकडच्या वाचकांना मात्र पुढच्या गोष्टी ओळखीच्या वाटतील.

आमचे अंगण

आमचे घर जुन्या वस्तीत आहे. पुढे सोळा बाय वीस फुटांचे अंगण, मागे न्हाणीची मोरी आणि वर गच्ची. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. दोन मुले, आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मा. घरात दखनी बोलली जाते, त्यामुळे अम्मांच्या तोंडी वाफा म्हणजे ‘कियारी’ आणि कुंडी म्हणजे ‘गमला’. पावसाचा हिशेब मात्र त्या शेतकऱ्याच्या मुलीसारखा नक्षत्रांनीच करतात. ‘मिरग लगा’ असे त्या म्हणाल्या की मुले बियांचे डबे काढतात.

जमीन काळी आणि भारी. काळी माती सुपीक असते हे खरे, पण घरच्या बागेला ती दोनदा त्रास देते. पावसात ती चिबडते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पिवळे पडते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. म्हणून आम्ही वाफे जमिनीपासून वीतभर उंच केले आणि बाजूने विटा लावल्या. कुंडीत नुसती काळी माती कधी भरू नये. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट आणि एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम, हे प्रमाण आम्हांला मानवले आहे. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे पाणी निघते आणि माती राहते. शेणखत ताजे असेल तर ते मुळे जाळते आणि हुमणीही आणते; हाताला मऊ लागणारे, वास नसलेले खतच घ्यावे.

२०१६ चा उन्हाळा

लातूरकरांना त्या उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. नळ बंद होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा आदेश काढावा लागला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. एका वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी असायचे. गाडी पाहायला लोक स्टेशनवर गेले होते, त्यात आमची मुलेही होती.

तेव्हा अंगणात अकरा गुलाब होते. शिवाय मोगरा, शेवंती, जास्वंद, कढीपत्ता, शेवगा, कुंपणाला मेंदी, एका कोपऱ्यात सीताफळ आणि दाराशी अब्बांनी २००४ साली लावलेले कागदी लिंबू. अब्बा जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. अम्मांनी पहिल्याच आठवड्यात घराचा नियम सांगितला, ‘पैले लोगां, फिर झाडां.’ टँकरच्या पाण्याचा थेंबही झाडाला घालायचा नाही. शेजारच्या घरात तान्हे बाळ होते, आमच्या वाट्यातली एक कळशी तिकडे जायची. झाडांच्या वाट्याला एकदा वापरून झालेलेच पाणी येणार होते.

असे पाणी घरात किती निघते, हे आम्ही एका सुट्टीच्या दिवशी मोजले. वजूसाठी तोटीचा बधना वापरला तर माणशी, वेळेला सव्वा लिटर पाणी पुरते. चार माणसे, पाच वेळा, म्हणजे दिवसाला २५ लिटर. वजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे ते कोणत्याही झाडाला चालते. खाली टब ठेवला की झाले. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी सात-आठ लिटर निघाले. भांडी-कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र आम्ही झाडांना दिले नाही; सोडा आणि पावडर असलेले पाणी सतत पडले तर काळी माती घट्ट होते आणि तिच्यात पाणी मुरेनासे होते.

बत्तीस-तेहतीस लिटर पाणी आणि तीसेक झाडे. सगळ्यांना थोडे थोडे दिले असते तर कोणीच वाचले नसते. त्यामुळे यादी करावी लागली. ज्याला वाढायला दहा-बारा वर्षे लागली, त्याचा हक्क पहिला. जे काडीवरून किंवा बियांवरून पुन्हा उभे करता येते, त्याने थांबावे. सीताफळाने तोपर्यंत पाने गाळून टाकली होती. बालाघाटच्या डोंगरात आपोआप उगवणारे हे झाड उन्हाळ्यात झोपून राहते, त्याला पाण्याची गरज नव्हती. शेवगा आणि मेंदीलाही दिले नाही. लिंबाची फुले झाडून टाकली, म्हणजे झाडावर फळांचा भार राहिला नाही, आणि त्याला एक दिवसाआड दहा लिटर ठेवले. कढीपत्ता आणि मोगऱ्याला थोडे, जास्वंदीला दोन दिवसांनी एकदा. शेवंतीचे मुनवे एकाच कुंडीत गोळा करून ती लिंबाच्या सावलीत ठेवली. पुदिन्याची दोन घमेलीही तिथेच.

अकरा गुलाबांना काही उरले नाही. मुलीला ते फार लागले. रोज सकाळी ती एकेका गुलाबाची काडी नखाने खरवडून आत हिरवे आहे का पाहायची. मेच्या अखेरीस तिने पाहणे सोडले. लिंबू, सीताफळ, शेवगा, मेंदी, कढीपत्ता, मोगरा आणि शेवंतीची ती कुंडी वाचली. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी भरपूर पाऊस झाला आणि ओढे-नाले वाहिले. पण पुढच्या जूनमध्ये हातगाडा दारात आला, तेव्हा मुलीनेच विचारले, ‘याला उन्हाळ्यात किती पाणी लागतं?’ आमच्या बागेचे सगळे वेळापत्रक त्या एका प्रश्नावरून ठरले आहे.

मृगापासून पावसाळाभर

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, पण म्हणून त्या दिवशी रोपे लावू नयेत. एक-दोन सरींनी वरची माती भिजते, खालची तापलेलीच राहते. वीतभर खणून पाहावे. तिथपर्यंत ओल गेली असेल तरच लावावे. मोठ्या झाडांचे खड्डे मात्र मे महिन्यातच दोन बाय दोन फूट खोदून उन्हात तापू द्यावेत. किडींची अंडी मरतात. मग शेणखत, माती आणि मूठभर निंबोळी पेंड घालून खड्डा भरून ठेवावा.

वेलभाज्यांचा हाच काळ. दोडका, कारले, दुधी, घोसाळे यांना बांबूचा किंवा दोरीचा मांडव द्यावा. कारल्याचे बी कठीण असते, रात्रभर पाण्यात भिजवून लावले की लवकर उगवते. भेंडी थेट जागेवर पेरावी. टोमॅटो, वांगी, मिरची यांची रोपे आधी डब्यात करून चार-पाच आठवड्यांची झाली की हलवावीत. झेंडू जून-जुलैत पेरला की दसरा-दिवाळीला फुलतो; आमच्या अंगणातला निम्मा झेंडू दसऱ्याला शेजारच्या काकूंच्या दाराच्या तोरणात जातो, आणि त्यांच्याकडून आलेली अबोली आमच्याकडे वर्षभर फुलते.

फांद्या लावायच्या त्या याच दिवसांत. शेवग्याची मनगटाएवढी जाड, हातभर लांब फांदी लावली की फुटते. मेंदी, जास्वंद, मोगरा, अडुळसा हेही काडीवर येतात. मेंदीचे कुंपण ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावे. जनावरे तिच्याकडे फारशी फिरकत नाहीत, पाणी मागत नाही, वर्षातून दोनदा छाटली की दाट होते, आणि चाँदरातीला गल्लीतल्या मुली पाटा-वरवंटा घेऊन आमच्याच अंगणात बसतात. उन्हाळ्यातल्या पानांचा रंग गडद चढतो, असा अम्मांचा अनुभव आहे.

पावसाळ्यात पाणी घालण्यापेक्षा पाणी काढून देण्याचे काम जास्त असते. कुंड्यांखालच्या थाळ्या उचलून ठेवा. पाणी साचले की मुळे कुजतात आणि डासही होतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसतात, हात लावला तर अंगाला खाज सुटते. लांब काठीला चिंधी गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि पुंजका पुसून काढायचा. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती फुलपाखराची. झाड लहान असेल तर ती वेचावी, मोठे असेल तर दोन-चार तशाच राहू द्याव्यात. आमच्या वर्गातली मुले ती काचेच्या बरणीत ठेवून तिचा कोश आणि मग फुलपाखरू होताना पाहतात.

जून-जुलैत निंबोळ्या पडतात, त्या गोळा करून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. वर्षभराचे औषध घरात तयार होते. ५० ग्रॅम निंबोळीचा मगज बारीक कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, त्यात थोडासा साबण कालवायचा आणि संध्याकाळी फवारायचा. मावा, पिठ्या ढेकूण आणि लहान अळ्या आटोक्यात राहतात. हा अर्क रोज ताजा करावा, दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही.

ऑक्टोबर ते जानेवारी

पाऊस थांबला की आठ-पंधरा दिवसांत जमीन वापशावर येते. बागेतले सगळ्यात समाधानाचे दिवस हे. गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरमध्ये करावी. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या थोडे वर तिरका काप घ्यावा आणि कापावर हळदीची पेस्ट लावावी. सहा-सात आठवड्यांत फुले येतात. आमच्याकडे आता अकरांऐवजी दोनच गुलाब आहेत, दोन्ही गावठी आणि सुवासिक. पाकळ्यांचा गुलकंद होतो आणि उन्हाळ्यात त्यांना लागणारे पाणी आमच्या बेतात बसते.

मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, लसूण हे सगळे आता पेरावे. एकाच दिवशी सगळा वाफा पेरू नये. दर दहा दिवसांनी दोन ओळी पेरल्या तर भाजी एकदम येऊन वाया जात नाही. आम्ही हे मुलांवर सोपवले आहे. वहीत तारखा लिहिणे, किती दिवसांत उगवले ते मोजणे, हा त्यांचा अभ्यासही होतो. शेवंतीचे शेंडे ऑगस्टपर्यंत दोन-तीनदा खुडले असतील तर झाड झुडपासारखे होते आणि आता कळ्यांनी भरते. ढगाळ हवा आली की कळ्यांवर मावा पडतो, तेव्हा वरचा निंबोळीचा अर्क काढायचा.

डिसेंबर-जानेवारीत मोगऱ्याचे पाणी तोडायचे. दोन-तीन आठवडे ताण बसला की पाने पिवळी होऊन गळतात. मग छाटणी करून, बुंध्याभोवतीची माती मोकळी करून, शेणखत घालून पाणी सुरू करायचे. मार्चपासून कळ्या लागतात. नव्याने बाग करणाऱ्यांना झाड असे वाळू देणे जिवावर येते. पण मोगऱ्याला हा ताण मिळाला नाही तर पानेच पाने होतात आणि फुले मोजकी येतात.

चंद्राचा महिना आणि सूर्याचा वाफा

बागेला सूर्याचे वर्ष लागते आणि आपल्या स्वयंपाकघरातला एक मोठा महिना चंद्रावर चालतो. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढाच मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१६ साली तो ऐन मृगाच्या तोंडावर आला होता, २०२५ साली मार्चच्या सुरुवातीला. २०३० साली तर एक रमजान जानेवारीच्या आरंभी आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल. इफ्तारला पुदिना, कोथिंबीर आणि लिंबू प्रत्येक घरी लागते आणि त्याच दिवसांत बाजारात त्यांचा भाव चढतो. ऋतू कोणता ते पाहून आधी पेरणी केली तर निदान पुदिना-कोथिंबीर घरची होते.

आमचा हिशेब सोपा आहे. कोथिंबीर पेरल्यापासून साधारण चाळीस दिवसांत कापायला येते. रजबच्या २७ तारखेला पहिला वाफा पेरला की रमजानच्या पहिल्या आठवड्यात तो हाती येतो. शबे-बरातला दुसरा वाफा पेरला की तो रमजानच्या शेवटच्या दिवसांत आणि ईदच्या स्वयंपाकाला पुरतो. धने पायातल्या चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करायचे, रात्रभर भिजवायचे आणि बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर पेरायचे. न रगडता पेरले तर उगवण विरळ होते.

हे सगळे थंडीत उत्तम जमते. रमजान उन्हाळ्यात आला तर कोथिंबीर हातभर होण्याआधीच फुलोऱ्यावर येते. तेव्हा तिच्यावर फार भिस्त न ठेवता पुदिना वाढवावा. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या पाने खुडून पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळे फुटतात. पसरट घमेल्यात, खाली भोके पाडून, अर्ध्या सावलीत लावाव्यात. २०१६ च्या रमजानमध्ये भाजी विकत घेणेही परवडत नव्हते, तेव्हा लिंबाखालच्या त्या दोन घमेल्यांनी आमचे आणि शेजारच्या दोन घरांचे इफ्तार चालवले. पुढची काही वर्षे रमजान थंडीकडे सरकत आहे. ज्यांनी आजवर घरी काही लावले नसेल, त्यांनी सुरुवात करायला हा काळ सोयीचा आहे.

फेब्रुवारी ते मे

फेब्रुवारीत काकडी, गवार आणि उन्हाळी भेंडी लावता येते, पण आमच्यासारख्यांनी एखादाच वाफा करावा. या दिवसांतले खरे काम असलेले जगवण्याचे असते.

पहिली गोष्ट आच्छादन. बुंध्याभोवती चार बोटे जाड थर द्यायचा, खोडाला मात्र तो चिकटू द्यायचा नाही. आमच्या भागात सोयाबीनचे भुसकट सहज मिळते; उसाचा पाला, वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या, काहीही चालते. थराखालची माती दुपारीही हाताला गार लागते. काळ्या मातीच्या भेगा यानेच थांबतात.

दुसरी गोष्ट जुना माठ. वर्ष-दोन वर्षांनी माठाची छिद्रे बुजतात आणि पाणी पूर्वीसारखे गार होत नाही. असा माठ फेकू नका. तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची घट्ट वात बसवा, झाडापासून हातभर अंतरावर माठ गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकण ठेवा. पाणी थेट मुळांशी थेंबथेंब झिरपते, वर सांडत नाही, उडत नाही. आमच्या लिंबाभोवती असे तीन माठ आहेत.

तिसरी गोष्ट वेळ. पाणी फजरच्या नमाजेनंतर घालावे, नाही जमले तर मगरिबनंतर. भर दुपारी घातलेले पाणी झाडापेक्षा हवेलाच जास्त जाते. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांतून एकदा भरपूर, सावकाश द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरवर राहतात आणि एक दिवस चुकला की झाड माना टाकते.

कुंड्या एकमेकींना खेटून, भिंतीच्या पूर्वेकडच्या बाजूला ठेवाव्यात, म्हणजे दुपारनंतरचे ऊन टळते. गच्चीवरच्या कुंड्या तापलेल्या सिमेंटवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. हिरवी जाळी मिळाली तर छान, नाही तर जुनी सुती साडी किंवा ओढणी बांधली तरी झाडांना पुरते. मार्चनंतर छाटणी नको, खत नको. पक्ष्यांसाठी एक पसरट परळ भरून ठेवावे. चिमण्या आणि बुलबुल येतात आणि जाता जाता अळ्याही टिपतात.

फरशीचा प्रश्न

आमच्या गल्लीत आता माती असलेली अंगणे तीन-चारच उरली आहेत. बाकी ठिकाणी फरशी किंवा काँक्रीट झाले. लोकांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येकाची कारणे असतात. आमच्या घरीही दोन वर्षांपूर्वी तो प्रश्न उभा राहिला. पावसाळ्यात काळा चिखल पायाला लोण्यासारखा लागतो. अम्मा न्हाणीकडे जाताना घसरल्या. हाड मोडले नाही, पण पंधरा दिवस त्या अंथरुणावर होत्या. धाकट्या दीरांनी मिस्त्री आणून मापही घेतले. झाडे महत्त्वाची की अम्मा, असे कोणी विचारले तर दुसरे उत्तर असूच शकत नव्हते.

त्यावर अम्माच म्हणाल्या की, चालायला जेवढी लागते तेवढीच फरशी घाला. मग दारापासून न्हाणीपर्यंत तीन फूट रुंदीची वाट केली. शहाबादी फरशी, गुळगुळीत न केलेली, सांध्यांत सिमेंटऐवजी वाळू, आणि भिंतीला हातभर उंचीवर धरायला लोखंडी नळी. बाकी अंगण मातीचे राहिले. खर्चही चौथाईत भागला. अम्मा आता त्याच वाटेने, नळी धरून, रोज सकाळी वजूच्या पाण्याचा डबा लिंबापर्यंत नेतात.

त्याच वेळी गच्चीचे पाणी अंगणात उतरवले. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे गणित सातवीतला मुलगाही करतो. आमची गच्ची सहाशे चौरस फूट, म्हणजे साधारण ५५ चौरस मीटर. ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर ३८ हजार लिटरहून अधिक पाणी पडते. मिरजेहून आलेल्या वाघिणीत ५० हजार लिटर असायचे! सगळे काही हाती लागत नाही, पण आधी ते गटारात जायचे. आता पाइपमधून तीन फूट रुंद आणि चार फूट खोल शोषखड्ड्यात जाते. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू. खड्डा भिंतीच्या पायापासून चांगला लांब. पहिल्या दोन पावसांचे मळके पाणी बाहेर सोडून द्यायचे.

या महिन्यात करावे असे

हा अंक हाती येईल तेव्हा मृग दोन-तीन आठवड्यांवर असेल. काहीही विकत घेण्याआधी सकाळी एकदा आपल्या अंगणातून किंवा गॅलरीतून फिरावे. या उन्हाळ्यात कोण जगले, कोण कशावर जगले, दुपारी कोणत्या भिंतीची सावली कुठे पडते, हे वहीत लिहून ठेवावे. पावसात सगळेच हिरवे होते आणि मग हे आठवत नाही. घरात वापरून झालेले स्वच्छ पाणी किती निघते, ते एक दिवस मोजावे. खड्डे खोदून तापत ठेवावेत, जुने माठ काढून ठेवावेत, निंबोळ्यांसाठी पिशवी शिवावी.

मग हातगाडा दारात येईल. मुलांना एक रोप स्वतः निवडू द्यावे. निवडण्याआधी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न मात्र त्यांना आधीच शिकवून ठेवावा.